म्हाळसेचा रहाटपाळणा

म्हाळसा एका जागी बसलेली हिप्परखेडात कुणी कधी पाहिली नव्हती. भाकरी थापायची तीही उकिडवी, एका पायावर जोर देऊन, जणू आत्ता उठून कुठं जायचंय. जेवताना अर्धी भाकरी उंबऱ्यात आणि अर्धी गोठ्यात. सासू नागम्मा म्हणायची, "हिच्या तळपायाला मुंग्यांचं वारूळ हाय." म्हणायची आणि सोडून द्यायची. या सुनेला बोलून काही होत नाही, हे तिला लग्नाच्या तिसऱ्या दिवशीच कळलं होतं.

कारण शोधायला फार खोल जायला नको. म्हाळसेच्या माहेरचे धनगर चालते. दिवाळी झाली की मेंढरं हाकायची, माळामाळानं मांजरेच्या खोऱ्यात उतरायचं, आणि मृग जवळ आला की परत. म्हाळसा जन्मली वाटेवर, बोलायला शिकली वाटेवर, तिचे दुधाचे दात कुठल्या कुठल्या गावच्या शिवारात पडले ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. अशा मुलीला बाराव्या वर्षी हिप्परखेडच्या शिवाप्पाच्या घरात आणून बसवलं. शिवाप्पाही धनगरच, पण दोन पिढ्यांपूर्वी स्थिर झालेल्या घरचा. थोडी ज्वारी, थोडी तूर, वीस मेंढरं आणि घोंगडी विणायचा माग. माणूस चांगला. फक्त त्याला कशाचीच घाई नसे. बैल उभा राहिला की हाही उभा राहायचा आणि बैल निघाला की निघायचा.

हिप्परखेड हळ्ळीखेडपासून अडीच कोसांवर, चिटगुप्प्याच्या बाजूला, एका खळग्यात आहे. चहूकडे तांबडा मुरमाड माळ. गावातून पाहिलं तर माळ दिसतो, आणि माळावर चढून पाहिलं तर पुढचा माळ दिसतो. दरवर्षी मार्गशीर्षात भावाचा कळप त्या माळांच्या पलीकडून जायचा. वारं तिकडचं असलं तर कुत्र्यांचं भुंकणं ऐकू यायचं, बस्स. म्हाळसा हातातलं काम टाकून उभी राहायची. आपली माणसं जातात ती सगळी वाट, पार मांजरेपर्यंत, एकदा एका नजरेत पाहावी, एवढंच तिच्या मनात होतं. यात न समजण्यासारखं काय आहे? पण गावात ते कुणाला समजत नव्हतं.

थोरली मुलगी तिनं कडगंचीला दिली होती. पंचेचाळीस साली नवराबायको मुलीला भेटून पुढे गुलबर्ग्याच्या उरसाला गेली, आणि तिथं म्हाळसेनं रहाटपाळणा पाहिला. दोन माणसं खालून ढकलतायत, चार पाळणे कुईकुई करत वर जातायत, वर गेलेल्या बायका किंचाळतायत आणि खाली आल्या की पुन्हा वर न्या म्हणतायत. चालायचं, पण घर सोडायचं नाही. अशीही सोय जगात असते, हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळलं. ती रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे चार बायका, मग दोन, मग एक. तेवढ्यात शिवाप्पानं येऊन दंड धरला.

"म्हाळसे, चल. गाडी निघायली."

"आवं, आता माझाच लंबर हाय."

"गाडीवाला थांबायला तयार न्हाई. पुढच्या साली बसशील की. पाळणा काय पळून जायलाय?"

पुढच्या साली मुलीचं बाळंतपण. त्याच्या पुढच्या साली मुलखात अशी धुमश्चक्री सुरू झाली की गुलबर्ग्याला कोण जातंय! म्हाळसेनं एक दिवस भाकरीचं पीठ तसंच टाकलं आणि ती तडक अंबाजी सुताराच्या दारात गेली.

"अंबाजीमामा, चाक उभं करून त्याला पाळणे टांगले तर?"

अंबाजी वाकसानं वाशाचं टोक तासत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "चाक उभंच असतंय, पोरी. आडवं असंल तर गाडी चालंल का?"

"मोठं म्हणायलेय म्या."

"किती मोठं?"

"वरनं मांजरा दिसंल एवढं."

अंबाजीनं वाकस खाली ठेवला. साठी उलटलेला माणूस. आयुष्यभर गाड्या, नांगर आणि तिरड्या केलेल्या. असं काम त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. "कामून?" एवढंच त्यानं विचारलं.

"बसायचंय मला."

हे कारण त्याला पुरलं.

गावची जत्रा खंडोबाची, मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला. जत्रेची जागा वाटून देण्याचा मान अंकुशराव पाटलांचा. चिटगुप्प्याची माणसं आपल्या जत्रेला नाकं मुरडतात, याचा पाटलांना फार राग. पाळण्याचं ऐकताच त्यांनी मिशीला ताव दिला आणि देवळामागची मोकळी जागा देऊन टाकली. तहशिलीत उर्दूतून अर्ज गेला. कागदात लांबी लिहिली, रुंदी लिहिली, पाळण्यात एका वेळी किती माणसं तेही लिहिलं. उंची कुणी विचारलीच नव्हती, म्हणून कुणी लिहिली नाही. परवानगी आली.

आणि त्या मोकळ्या जागेला लागूनच गावच्या जहागीरदारांच्या देवडीची, म्हणजे वाड्याची, मागची भिंत होती. दोन पुरुष उंच, वर काचा लावलेली. भिंतीच्या आत जनाना. पण भिंत ही अशी गोष्ट आहे की रोज पाहून पाहून ती दिसेनाशी होते. अख्ख्या गावात एकालाही सुचलं नाही की बाबांनो, चाक भिंतीपेक्षा उंच होणार आहे. सुचणार कसं? तेवढं उंच आजवर कुणी गेलंच नव्हतं.

चार महिने काम चाललं. बाभळीचा आस, सागाचे आरे. अंबाजीनं दोन आरे जोडले की म्हाळसा म्हणायची, अजून हातभर. खिळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. आऱ्यांचे सांधे तिनं शेळीच्या केसांच्या दोरानं स्वतः आवळले, आणि गाठी मारल्या त्या वाघरीच्या. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायला धनगर जाळी लावतात ती. तिची गाठ ओढाल तशी आवळते, आणि सोडायची तर एका खास बाजूनं आत ढकलावी लागते. चालत्या धनगरांच्या पोरींना ती येते. शिवाप्पाच्या घरात दोन पिढ्यांत ती विसरली गेली होती.

"मला तरी शिकव की," शिवाप्पा एकदा म्हणाला.

"तुमाला शिकवस्तोवर जत्रा निघून जाईल."

जत्रेच्या दोन दिवस आधी चाक उभं राहिलं. सकाळची वेळ. निम्मं गाव जमलेलं. ढकलायला चौघे तयार. अंबाजीनं खालचा पाळणा हातानं धरून स्थिर केला.

"बस, पोरी. तुझं चाक हाय, पहिला फेरा तुझा."

म्हाळसेनं पाळण्यात एक पाय ठेवला. लाकूड हललं. आणि तिनं पाय काढून घेतला.

भ्याली नाही. भिणारी बाई ती नव्हे. पण तिच्या माहेरची रीत अशी की नवी वाट, नवा उतार, नवा पूल, जे काही नवं असेल त्यावर आधी म्होरकी मेंढी घालायची. गळ्यात घंटा असते ती, कळपाच्या पुढे चालणारी. ती नीट पार झाली की मग माणसानं जायचं. बापानं हे कधी मोडलं नव्हतं, आजानं मोडलं नव्हतं.

"आधी म्होरकी," म्हाळसा म्हणाली.

"अगं, ती काय तिकीट काढणार हाय का?" पाटील ओरडले. लोक हसले. पण शिवाप्पा मेंढरं घेऊन आला. प्रत्येक पाळण्यात एक अशी चार मेंढरं बांधली. म्होरकीला पहिल्या पाळण्यात. चौघांनी जोर लावला आणि चाक फिरलं. खरोखर फिरलं! म्होरकीची घंटा वर वर जाऊ लागली, पोरं नाचू लागली, आणि म्होरकी ऐन टोकाला पोचली तेव्हाच आस असा किंचाळला की अंबाजी ओरडला, "थांबा! थांबा! कोरडा पडलाय!"

चाक थांबलं. अंबाजी एरंडेलाची बुधली घेऊन चढला. तेल घालायला, मुरायला, कितीसा वेळ लागणार? तेवढ्या वेळात वर अडकलेल्या म्होरकीनं भिंतीपलीकडे मान काढली आणि मनसोक्त बें केलं. पलीकडून किंकाळी आली. एक, मग पाच-सात. तांब्याचं भांडं फरशीवर आपटल्याचा आवाज आला. आत जनान्याच्या अंगणात जहागीरदारांची सून, छोटी बीबी, उन्हात केस वाळवत बसली होती. तिनं वर पाहिलं तर आभाळात मेंढरू.

देवडीचा जमादार चार माणसं घेऊन धावत आला.

"कौन ऊपर है? नीचे उतर!"

"म्होरकी हाय, जमादारसाहेब," शिवाप्पानं अदबीनं सांगितलं.

"कौन म्होरकी? किसकी औरत?"

"मेंढी हाय ओ ती."

जमादारानं वर पाहिलं. म्होरकीनं खाली पाहिलं. त्यालाही हसू आलं असावं, पण नोकरी ती नोकरी. "आज मेंढी बैठी, कल मरद बैठेगा. जनाने में झाँकेगा. ये चक्कर नै चलता. बंद!"

झालं. जत्रा भरली, उठली. चाक उभंच, आऱ्याला देवडीचं कुलूप-साखळी. चिटगुप्प्याच्या लोकांनी ते पाहिलं आणि जन्मभर पुरेल एवढी चेष्टा गोळा करून नेली. चंपाषष्ठीला वारं माळावरून आलं, कुत्री भुंकली, आणि म्हाळसा त्या चाकाखाली उभी होती. एक पाय तिनं आत ठेवला होता. आत ठेवला होता आणि काढून घेतला होता. रीत पाळली म्हणून स्वतःवर एवढं चिडलेलं माणूस विरळाच.

दुसरी एखादी रडत बसली असती. म्हाळसेनं घरातलं नवं घोंगडं काखेत मारलं आणि बायकांच्या मागच्या दारानं ती देवडीत गेली. छोटी बीबी वीस वर्षांची असेल नसेल. हैदराबादेहून लग्न होऊन आलेली, आणि आल्यापासून त्या भिंतीबाहेर पडली नव्हती. अंगणात येरझारा घालत होती. म्हाळसेनं तिची चाल पाहिली आणि ओळखलं, हीही आपल्याच जातीची.

"तुमारी बकरी मेरे कू ऐसा देखी, जैसा मैं उसका चारा खा गई," बीबी म्हणाली.

"बकरी न्हाई बीबी, मेंढी हाय ती. तिची नजरच तशी हाय. मलाबी तशीच बघती."

बीबी खुदकन हसली. मग जवळ आली. "ऊपर से क्या दिखता?"

"मला काय ठाव? म्या कुठं बसले?"

"तुमीच बनाए, और तुमीच नै बैठे?"

म्हाळसेनं काखेतलं घोंगडं पुढे केलं.

बीबीनं घोंगडं खांद्यावर टाकून पाहिलं. "सिर्फ औरतां बैठे तो? औरतां देखे तो क्या होता? मैं बोलती बड़े हुजूर से. मगर सुनो. पैला फेरा मेरा."

म्हाळसेच्या तोंडावर आलं होतं, पहिला माझा. गिळलं. "तुमचा, बीबी. दुसरा माझा."

आणि परवानगी खरंच आली! फक्त बायका, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी. ढकलणारे पुरुष खालीच, त्यांनी मान वर करायची नाही. अंबाजीनं आसाला पुन्हा तेल पाजलं.

आता घोडं अडलं ते गावात. पाटलीणबाई सत्यभामाबाईंनी निरोप पाठवला की आपण बसू, पण धनगराची बाई आपल्या डोक्यावर असलेल्या पाळण्यात बसणार असेल तर नाही. म्हाळसा त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाली, "अक्का, चाक फिरणार हाय. म्या वर गेले की खाली येणार, मग तुमी वर."

"ते मला ठाव हाय. पण तू वर असताना थांबलं तर?"

मेंढीचं तसंच झालं होतं. जागा पाटलांनी दिलेली, पाटलीणबाईंना डावलून चाक हलणार नव्हतं. शुक्रवार गेला. मग सत्यभामाबाई तयार झाल्या तर त्यांच्या जावेनं मान मागितला. होळी आली नि गेली. देवडीतली मोलकरीण गुरुबाई दर आठवड्याला यायची, "बीबी इचारायल्यात, शुक्रवार कधी?" आणि म्हाळसा दर आठवड्याला सांगायची, येत्या. बायकांनी बायकांच्या पायात पाय घालून तीन महिने घालवले. पुरुषांना नावं ठेवायला आपण मोकळ्याच असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पाडवा आठ दिवसांवर आला. त्या साली मुलखात बंदुका घेतलेल्या टोळ्या फिरत होत्या. गाव ओस पडायचं ते त्यांच्या नुसत्या वार्तेनं. कितीतरी घरं माणसं-लेकरं घेऊन माळामाळानं हद्दीपलीकडे, सोलापूरकडे सरकत होती. रस्त्यानं जायची सोय नव्हती, म्हणून मेंढरांच्याच वाटेनं. म्हाळसेचा भाऊ अशा दोन घरांना कळपात घालून, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी देऊन, धनगर बनवून पुढे पोचवून आला होता. परतीला पुन्हा तेच करणार होता. तसा निरोप कडगंचीहून मुलीनं पाठवला होता.

आणि एका दुपारी एक टोळी हिप्परखेडात शिरली. पाणी प्यायली, कोंबड्या घेतल्या, जायला निघाली. त्यांचा म्होरक्या देवळामागे आला आणि चाक पाहून थबकला.

"ये क्या है?"

"पाळणा हाय. जत्रंचा," म्हाळसा म्हणाली.

"ऊपर से कितना दूर दिखता?"

"मेंढरांना इचारा. तीच बसल्यात."

तो हसला नाही. मागे सरकून त्यानं आऱ्याच्या टोकापर्यंत नजर नेली, मग माळाकडे पाहिलं. "अच्छा है. बाजार के दिन आते हम. एक आदमी बंदूक ले को ऊपर बैठेगा. पूरा माळ दिखता होना."

बाजार परवा होता.

ते गेल्यावर म्हाळसा चाकाखाली उभी राहिली. मांजरेपर्यंतची वाट दिसावी म्हणून तिनं हातहात उंची वाढवून घेतली होती. दिसणार होती वाट. फक्त ती पाहणारे डोळे दुसऱ्याचे, आणि त्या वाटेवर भाऊ.

"अंबाजीमामा, उतरवा."

अंकुशराव पाटील धावत आले. "अगं, घाई कामून? पाडव्याला बायका बसतील. मी समजावतो घरात. त्यास्नी नंतर बघू."

"पाटील अप्पा, नंतर कुणाला बघायचं? माझ्या भावाला का?"

पाटील बाजूला झाले. जमादारानं निमूटपणे येऊन साखळी काढली. त्याचंही घर होतं, त्यालाही टोळीचा माणूस जनान्यावर बसलेला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजीनं खालच्या पाचरी सैल केल्या आणि मग डोकं खाजवलं. वरचे सांधे सगळे दोराचे. विळ्यानं कापावे तर आरे एकदम सुटणार आणि खालचा माणूस चिरडणार. एकेक गाठ सोडून एकेक आरा दोरानं खाली घ्यायला हवा. आणि गाठी वाघरीच्या.

"म्या जाते," म्हाळसा म्हणाली. तिनं कासोटा आवळला आणि ती चढू लागली. शिवाप्पा खाली दोर धरून उभा. तोंडानं तो काहीतरी पुटपुटत होता. देवाचं नाव असावं.

चढताना लाकूड डुललं. टोकाला पोचली. पाय आऱ्यात अडकवले, गुडघ्यांनी लाकूड धरलं आणि पहिल्या गाठीला हात घातला. चार महिन्यांच्या उन्हानं दोर दगड झालेला. एका बाजूनं ढकल, दातांनी ओढ, पुन्हा ढकल. पहिली सुटली, आरा हळूहळू खाली गेला. दुसरी. तिसरीला नख उलटलं. खालून अंबाजी ओरडत होता, डावीकडं, आता उजवीकडं, सांभाळ. ऊन डोक्यावर आलं. सातवी, आठवी. शेवटचा आरा खाली उतरला तेव्हा ती आसाच्या खांबाला मिठी मारून सरसरत खाली आली, हातपाय सोललेले, ओठ फुटलेला.

गुरुबाई भिंतीकडेला उभी होती. "बीबी इचारायल्यात..." एवढं बोलून ती थांबली.

"सांग त्यास्नी, चाक उतरलं. म्हणावं, म्याबी न्हाई बसले."

गुरुबाई गेली. लाकडं पोरासोरांनी ओढून देवळाच्या छपराखाली रचली. उद्या कुणी विचारलं तर सांगायचं, वाळवी लागली होती.

शिवाप्पानं पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हाळसेनं घोट घेतला. मग तो हळूच म्हणाला, "म्हाळसे, वर गेलीस ना. काय दिसलं? मांजरा दिसली का?"

तांब्या तिच्या हातातच राहिला. तिनं वर पाहिलं. वर आता काही नव्हतं, दोन खांब आणि रिकामं ऊन.

"गाठ," ती म्हणाली.

"आं?"

"गाठ दिसली. आठ गाठी. म्या मान वर केलीच न्हाई ओ."

ती मटकन खाली बसली. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, मांडी घालून बसली. नागम्मा देवळाच्या पायरीवरून पाहत होती. शिवाप्पाला ते बसणं सहन होईना. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग त्याच्या हातून जन्मात झाली नव्हती ती गोष्ट झाली. तो आधी उठला.

"चल."

"कुठं?"

"माळावर."

"तिथनं मांजरा दिसत न्हाई. पुढचा माळ आड येतोय."

"मंग पुढच्या माळावर जाऊ."

"आन् मेंढरं?"

"म्होरकीला संगं घेऊ. ती वाट दावंल. तिनं बघितलीया."

म्हाळसेनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग ती उठली आणि फुटका ओठ पुसत अशी चालू लागली की शिवाप्पाला वहाणा घालायलाही वेळ मिळाला नाही. म्होरकीचं दावं सोडून तो मागून धावला. "आगं, जरा दमानं! म्हाळसे!" घंटा वाजत वाजत खळग्यातून वर निघाली, आणि ती काही थांबेना.